गोल छिद्रांतून चौकोन : अ‍ॅल्युमिनियमच्या डबीवरील हस्तकाम

आपल्या वसतिशाळेच्या गायन पथकाच्या साहित्यात ढोलकी, हार्मोनियम आणि बेंजो यांच्याबरोबर आता तीन-चार लहान अ‍ॅल्युमिनियमच्या डब्या दिसतात. वर एक-दोन फिरत्या कळा, पायाने दाबण्याचे एक बटण आणि त्यांतील एका डबीच्या माथ्यावर काचेची चौकोनी खिडकी. कार्यक्रम संपला की पालक त्या हातात घेऊन उलटसुलट पाहतात आणि "ह्या कुठून आणल्या?" असे विचारतात. त्या आणलेल्या नाहीत. आठवी-नववीच्या मुलामुलींनी त्या शाळेतच केल्या आहेत. त्या कशा होतात, आणि त्यांतील सर्वांत अवघड काम, म्हणजे चौकोनी छिद्र, कसे पाडले जाते, हे माजी विद्यार्थ्यांना व पालकांना सविस्तर सांगावे या हेतूने हा लेख लिहीत आहोत. इतिहासाच्या शिक्षकाने कानस-करवतीवर लिहावे याचे कोणास नवल वाटले तर ते रास्तच आहे. परंतु या विषयात इतिहास किती दडला आहे, ते पुढे येईलच.

प्रथम डबीविषयी. विजेवर चालणाऱ्या गिटारच्या तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो. तारेच्या कंपनातून तो अत्यंत क्षीण असा विद्युत संदेश निर्माण करतो. हा संदेश अ‍ॅम्प्लिफायरकडे जाण्यापूर्वी वाटेत एका डबीतून नेला, तर आतील मंडल त्याचे रूप पालटू शकते. आवाज खरखरीत होतो, लांबतो किंवा प्रतिध्वनीसारखा पुन्हा पुन्हा उमटतो. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे बटण पायाने दाबावे लागते, म्हणून या डबीला पेडल म्हणतात. १९६२ साली अमेरिकेत मेस्ट्रो फझ-टोन नावाची अशी डबी बाजारात आली आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्रजी वाद्यवृंदाच्या एका गाण्यामुळे तिचा आवाज जगभर पोहोचला.

आपल्याकडे गिटार कमी, बेंजो अधिक. ज्याला आपण बेंजो म्हणतो ते अमेरिकन बँजो नव्हे. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानमध्ये आहे; नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ताइशोगोतो हे वाद्य तयार केले, त्याचेच हे भारतीय रूप. बुद्धाच्या देशात जपानहून आलेले हे वाद्य आज भीमगीतांच्या मंचावर आणि मिरवणुकीच्या गाडीवर सारख्याच दिमाखाने वाजते. त्यालाही पिकअप बसवतात, म्हणून गिटारसाठी केलेली डबी बेंजोलाही चालते. आमच्या पथकाने ती याच कामासाठी केली.

डबी अ‍ॅल्युमिनियमचीच का? पिकअपचा संदेश इतका क्षीण असतो की आसपासच्या विजेच्या तारांचा गुंजारवही त्यात मिसळतो. चारही बाजूंनी धातू असेल आणि तो मंडलाच्या ऋण टोकाला जोडलेला असेल, तर हा गुंजारव बाहेरच अडतो. प्लॅस्टिकच्या डबीत हे साधत नाही. लोखंडाची डबी जड होते आणि गंजते. अ‍ॅल्युमिनियम हलके असते, पायाचा दाब सहन करते आणि साध्या हत्यारांनी कापले जाते. बाजारात ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या तयार डब्या मिळतात. आम्ही वापरतो ती सुमारे ११९ × ९४ × ३४ मिलिमीटरची असते. ती परवडत नसेल तर खिडक्या-पार्टिशनची कामे करणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी सेक्शनचा उरलेला तुकडा मागून आणावा आणि दोन्ही तोंडांना पत्रा बसवावा. आमची पहिली डबी अशाच तुकड्याची होती.

आता छिद्रे. वादनाचा जॅक, फिरती कळ, पायाचे बटण, लुकलुकणारा दिवा या सगळ्यांची छिद्रे गोल असतात; योग्य मापाचे ड्रिल घेतले की काम झाले. अडचण येते ती सरकता स्विच किंवा डिस्प्ले बसवताना, कारण त्यांना चौकोन लागतो. जे हत्यार स्वतःभोवती फिरते ते गोलच छिद्र पाडणार. चौकोनाचे चार कोपरे फिरणाऱ्या पात्याच्या आवाक्याबाहेर राहतात. हॅरी वॉट्स या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बाजू फुगवलेल्या त्रिकोणाच्या आकारावरून एक ड्रिल रचले. ते जवळजवळ चौकोनी छिद्र पाडते. तरीही कोपरे किंचित गोल राहतातच. भूमितीच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. आमच्या कामाला मात्र ते ड्रिल उपलब्ध नाही. आमच्याकडे हाताने धरायचे साधे ड्रिल मशीन, ३ मिलिमीटरचे एक पाते, करवतीच्या पात्याचा एक तुकडा आणि कानशी आहेत, आणि तेवढ्यात भागते.

डिस्प्ले प्रथम व्हर्नियरने मोजावा. दोन ओळींत सोळा-सोळा अक्षरे दाखवणारा जो सर्वसाधारण डिस्प्ले मिळतो, त्याची पाटी ८० × ३६ मिलिमीटरची असते. पण खिडकी पाटीएवढी नव्हे, तर वर आलेल्या धातूच्या चौकटीएवढी पाडायची. आमच्या डिस्प्लेची चौकट ७१ × २५ भरली. डबीच्या माथ्यावर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर आलेख कागद डकवावा. मिलिमीटरचे चौरस आयतेच मिळतात, आणि ड्रिल घसरले तरी धातूवर ओरखडा उठत नाही. त्यावर गुण्या लावून टोकदार पेन्सिलीने ७१ × २५ चा आयत काढावा. ही झाली अंतिम रेषा. हिला कोणतेही हत्यार आता लावायचे नाही.

यानंतरचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा असा आमचा आग्रह असतो. छिद्राची कड अंतिम रेषेच्या अर्धा मिलिमीटर आत राहिली पाहिजे. पाते ३ मिलिमीटरचे, म्हणजे त्रिज्या दीड. म्हणून छिद्रांचे मध्यबिंदू रेषेपासून २ मिलिमीटर आत येतात. आत ६७ × २१ चा दुसरा आयत तयार होतो. त्याच्या बाजूंवर साडेतीन मिलिमीटर अंतराने बिंदू मांडले, तर लांबीत एकोणीस आणि रुंदीत सहा अंतरे बसतात. चारही बाजू मिळून पन्नास छिद्रे, आणि प्रत्येक दोन छिद्रांच्या मध्ये केवळ अर्ध्या मिलिमीटरचा धातू उरतो. लांबीत अर्धा मिलिमीटर शिल्लक राहतो, तो कानस सहज खाते. आठवीच्या वर्गात हा हिशेब एकदा हाताने केलेला विद्यार्थी परिमितीचे सूत्र पुन्हा विसरत नाही, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

प्रत्येक बिंदूवर सेंटर पंच ठेवून हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा. त्या खळग्यामुळे पात्याचे टोक जागेवर राहते. डबीच्या आत घट्ट बसेल असा लाकडाचा ठोकळा घालावा, नाहीतर माथा दबतो. ड्रिल फार वेगाने फिरवू नये आणि पात्यावर अधूनमधून रॉकेलचा थेंब द्यावा. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने ते पात्याच्या खाचांत चिकटून बसते. रॉकेल नसल्यास शिवणयंत्राचे तेल चालते. डोळ्यांवर चष्मा हवाच. कीस बारीक आणि धारदार असतो. तो हाताने झाडू नये आणि तोंडाने फुंकू तर मुळीच नये, ब्रशनेच काढावा. हाच कीस नंतर मंडलात सापडला तर दोन तारा जोडून टाकतो आणि डबी मुकी होते. म्हणून कापण्याचे सर्व काम पूर्ण होऊन डबी धुऊन वाळल्याशिवाय मंडल तिच्याजवळही आणायचे नाही, असा आमचा नियम आहे.

पन्नास छिद्रे पडली की करवतीच्या पात्याच्या तुकड्याने मधल्या भिंती एकेक करून कापायच्या. पात्याच्या एका टोकाला चिंधी गुंडाळली की मूठ तयार होते. शेवटची भिंत तुटते आणि आतला आयताकृती तुकडा खाली पडतो.

येथे इतिहासाच्या शिक्षकाला राहवत नाही. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अपुरे राहिले, आणि अपुरे राहिले म्हणूनच ते कारागिरांची पद्धत दाखवते. त्यांनी कातळात समांतर, अरुंद गल्ल्या खोदल्या. मध्ये दगडाच्या भिंती उरल्या. मग त्या भिंती फोडून दालन मोकळे केले, आणि जेथे खांब हवा तेथे दगड राखला. संपूर्ण भाग एकदम काढायचा नाही. आधी त्याला ठिकठिकाणी पोखरून दुबळा करायचा, मग मधला काढायचा. डबीवरच्या पन्नास छिद्रांत तीच युक्ती आहे. अजिंठ्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्याच खंडाळा तालुक्यात शिरवळजवळ बौद्ध लेणी आहेत, आणि कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात आहेत. भिक्खूंच्या खोल्यांची दारे पाहा : काळ्या कातळात, निव्वळ छिन्नी-हातोडीने काढलेले चौकोन. ज्यांनी ते काढले त्यांची नावे आपल्याकडे नाहीत. सहलीला गेलेली मुले पूर्वी लेणी पाहून पाच मिनिटांत बाहेर येत आणि डबे उघडत. हे काम केलेली मुले मात्र दाराच्या कोपऱ्यात बोट घालून तो किती काटकोनात आहे ते तपासतात.

आता कानस, आणि खरे काम येथूनच सुरू होते. तुकडा निघाल्यावर कडा करवतीच्या दातांसारख्या दिसतात. प्रथम रफ कानशीने ते दात उतरवायचे, मग बारीक कानशीने रेषेकडे सरकायचे. डबी व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावाव्यात, अन्यथा अ‍ॅल्युमिनियमवर दातांचे ठसे उमटतात. कानस रेटताना कापते, ओढताना कापत नाही. म्हणून परत आणताना ती किंचित उचलायची. नवशिका विद्यार्थी दोन्हीकडे सारखाच घासतो आणि कानस लवकर बोथट करतो. दुसरी खोड म्हणजे हात झुलवणे. त्याने कड मध्येच गोलाकार होते. दोन्ही पाय रोवून उभे राहावे, कोपर अंगाजवळ ठेवावे आणि शरीराच्या भाराने रेटावे.

अ‍ॅल्युमिनियमचा कीस कानशीच्या दातांत अडकतो, आणि तोच अडकलेला कण पुढच्या फटक्यात कडेवर खोल ओरखडा काढतो. यावर उपाय आमच्या खिशातच असतो : खडू. डबीवरचे तेल आधी पुसून घ्यावे, मग कानशीवर खडू चांगला घासावा. दातांच्या तळाशी खडूची भुकटी बसली की धातू तेथे चिकटत नाही. तारेच्या ब्रशने झाडले की सगळे निघून येते. शिक्षकाचा खडू फळ्याखेरीज अन्यत्रही उपयोगी पडतो, हे पाहून मुलांना मोठी गंमत वाटते.

कोपऱ्यांसाठी तिकोनी कानस घ्यावी. तिची धार साठ अंशांची असल्यामुळे ती नव्वद अंशांच्या कोपऱ्यात सहज शिरते. चपट्या कानशीची एक बाजू गुळगुळीत, दातांविना असते. तीही विनाकारण नसते. एक कड घासताना शेजारची कड खाल्ली जाऊ नये म्हणून ती बाजू शेजारच्या कडेला टेकवायची. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला घाई चालत नाही. चार-पाच फटके मारायचे, डिस्प्ले लावून पाहायचा, कोठे अडतो तेथे पेन्सिलीने खूण करायची, पुन्हा चार फटके. एका विद्यार्थिनीला या अर्ध्या मिलिमीटरसाठी तीन संध्याकाळ लागल्या. तिची खिडकी अशी आहे की डिस्प्ले वरून सोडला की स्वतःच्या भाराने खाली बसतो आणि डबी उलटी केल्याशिवाय बाहेर पडत नाही.

पालकसभेत एका वडिलांनी विचारलेला प्रश्न येथे नोंदवणे आम्हास आवश्यक वाटते. "गुरुजी, आमच्या बापजाद्यांनी हातानेच कष्ट केले. पोराच्या हाती पेन यावा म्हणून इथे घातला. तुम्ही त्याच्या हाती पुन्हा कानस देता?" सभेत कोणी हसले नाही; हसण्यासारखा तो प्रश्न नव्हताच. ज्या समाजावर जन्माने कामे लादली गेली, त्याला हातांच्या कामाविषयी धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. वाद्याच्या बाबतीत तर ही जखम अधिक खोल आहे. हलगी वाजवणे हे काही जातींवर गावकीने लादलेले काम होते. वाद्य त्यांच्या हातात होते, पण कधी आणि कोणासाठी वाजवायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता. गावकीच्या या बेड्या तोडण्यासाठीच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले.

आमचे उत्तर असे होते. जातिव्यवस्था ही केवळ कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीत केलेली वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या आपल्या प्रबंधात दाखवून दिले. म्हणजे दोष कानशीत नाही. दोष आहे तो, ती अमक्याच्याच हातात राहील आणि त्याच्या हातात पुस्तक येणार नाही, या नियमात. १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणाची मागणी केली. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आमच्या शाळेतला मुलगा कानस धरतो तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात व्हर्नियर असतो आणि समोर मंडलाची आकृती असते. त्याने ती डबी का केली हे त्याला ठाऊक असते आणि कोणते गाणे वाजवायचे हेही तोच ठरवतो. या उत्तराने त्या वडिलांचे पूर्ण समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. मात्र पुढच्या वेळी ते आले तेव्हा त्यांनी मुलाच्या कानशीला घट्ट बसणारी बाभळीची मूठ घडवून आणली होती.

भीमगीतांची परंपराही अशीच वाद्यावरचा हक्क बदलण्याची परंपरा आहे. भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) हजारो गीते आणि गावोगावच्या गायन पार्ट्या यांनी जे वाद्य पूर्वी हुकमावरून वाजत असे, ते स्वतःच्या विचारासाठी वाजवले. आता त्या वाद्याच्या आत काय आहे हेही आपल्या मुलांना कळावे, असे आम्हास वाटते. आजही मंचावर एखादी डबी बिघडली की आपली मंडळी कार्यक्रम थांबवून ध्वनिक्षेपकवाल्याची वाट पाहत बसतात. आमच्या पथकात तसे होत नाही. बेंजोवाला मुलगा स्वतःच चार स्क्रू काढतो.

धातूचे काम करणारे हात वाद्याकडे वळल्याचा पुरावा पाहायचा असेल, तर लोणंद स्थानकात मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर नावाजलेले आहेत. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ही कला तेथे एकोणिसाव्या शतकात रुजवली ती शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांनी. फरीदसाहेब शिकलगार हे त्यांतले आद्य नाव मानले जाते. तलवारी घासणारे हात सतारीच्या दांड्या घासू लागले, आणि कानस पारखण्याची नजर तीच राहिली.

कारखान्यांत नोकरी करणारे आमचे काही माजी विद्यार्थी म्हणतात, "सर, एवढा खटाटोप कशाला? सीएनसी मशीनवर पाच मिनिटांत खिडकी कापून देतो." त्यांचे म्हणणे खरे आहे. कोपऱ्यांची थोडी गोलाई सोडली तर ते काम निर्दोष होते. पन्नास डब्या करायच्या असतील तर आम्हीही तोच मार्ग धरू. पातळ पत्र्यासाठी निब्लर नावाचा कुरतडणारा चिमटाही मिळतो, परंतु ओतीव डबीच्या सुमारे दोन मिलिमीटर जाडीपुढे तो हात टेकतो. हातात धरून चालवायच्या छोट्या कटिंग चकत्यांपासून मात्र मुलांना दूर ठेवावे. चकती अडकली की फुटते, आणि तिचा तुकडा कोठे जाईल याचा नेम नसतो.

खिडकी पूर्ण झाल्यावर कडांची धार उतरवायची. बारीक कानस कडेवर पंचेचाळीस अंशांत एकदा हलकेच फिरवली की पुरे. नंतर कडेवरून बोट फिरवून पाहावे. मग डबी साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, बारीक पॉलिश पेपरने घासावी. रंग द्यायचा असेल तर त्यापूर्वी प्रायमर द्यावा, कारण अ‍ॅल्युमिनियमवर रंग थेट टिकत नाही. आमच्या डब्यांना मुलांनी निळा रंग निवडला, त्याचे कारण वाचकांना सांगायला नको. जॅक जेथे डबीला आतून टेकतो तेवढी जागा रंगाविना ठेवावी, नाहीतर धातूचा संबंध तुटतो आणि आधी वर्णिलेला गुंजारव परत येतो. डिस्प्लेच्या पाटीला चार कोपऱ्यांत छिद्रे असतात. त्यांतून बारीक स्क्रू घालून ती माथ्याला आतून कसावी, पण पाटीचे टाके धातूला टेकू नयेत म्हणून मध्ये प्लॅस्टिकच्या चकत्या घालाव्यात.

पुढील वर्षी सरकत्या कळांची एक डबी करण्याचा मानस आहे. तिला पाच अरुंद, लांब खाचा लागतात, आणि त्यांत आमची कोणतीही कानस शिरत नाही. कारखान्यांत व वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकडे वापरातून गेलेल्या सुईकानशी असतील, तर त्या शाळेकडे पाठवाव्यात. थोड्या बोथट असल्या तरी हरकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला त्या पुरतात. मात्र लोखंडावर वापरलेल्या असल्यास तशी चिठ्ठी सोबत लावावी, म्हणजे त्या वेगळ्या ठेवता येतील.